टोप राहिला, झगा गेला

१

चार जुलैच्या रविवारी सकाळी मिस कॅथलीन ड्रेसबाख सॉरेल क्रीक टाउनशिपच्या सभागृहात शिरली आणि काचेच्या कपाटासमोर थबकली. कपाटाला कुलूप होते. काच शाबूत होती. आत शिवणकामाचा पुतळा उभा होता, पण उघडा. त्याच्या अंगावरचा पांढरा झगा नाहीसा झाला होता. पायाशी शंकूच्या आकाराचा टोप मात्र तसाच पडून होता, डोळ्यांच्या दोन भोकांसकट.

हा झगा मे महिन्यात सापडला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला यंदा, एकोणीसशे शहात्तर साली, दोनशे वर्षे झाली म्हणून सभागृहाची सफाई निघाली, आणि रंगमंचाच्या फळ्यांखाली मेणकापडात गुंडाळलेले एक गाठोडे हाती आले. म्हाताऱ्या माणसांनी ते पाहिले आणि नजर वळवली. पंचवीस साली आमच्या काउंटीत क्लॅनची, म्हणजे काळे, ज्यू आणि कॅथलिक यांचा द्वेष करणाऱ्या त्या गुप्त संघटनेची, बायकांची शाखा होती. त्या पांढरे झगे घालून मुख्य रस्त्यावरून भजने म्हणत चालत, नदीकाठी सहलीचे जेवण जेवत आणि सोमवारी एकमेकींना सांगत की कुठले दुकान कॅथलिकाचे आहे, कुठली पायरी चढायची नाही. टाउनशिपने यंदा साठ पानी इतिहास छापला. त्यात डुकरांच्या जातींवर दोन पाने आहेत. या बायकांवर एक ओळ नाही.

मिस ड्रेसबाख शाळेत इतिहास शिकवते. तिने तो झगा पुतळ्यावर चढवून कपाटात ठेवला आणि खाली लिहिले, ‘याच सभागृहात सापडला. कोणाचा, ते माहीत नाही.’

दहाच्या सुमाराला शाळा मंडळाचा अध्यक्ष एव्हरेट क्विलन आला. पन्नाशीचा, धिप्पाड, ट्रॅक्टरच्या दुकानाचा मालक. रिकामे कपाट पाहून तो हसला.

“गेला म्हणता?”

“चोरीला गेला, मिस्टर क्विलन.”

“चोरीला! बिछान्याची चादर फाडून शिवला असेल कुणीतरी. आज ती साउथ बेंडची पाहुणी येऊन हात लावून बघणार होती, तेव्हा बिंग फुटलं असतं. म्हणून गायब केलात.”

“मी तो शिवलेला नाही.”

“मग दाखवा. गुरुवारी चार वाजता मंडळाची बैठक आहे. जी बाई आमच्या आयांवर खोटं रचते, तिचा करार वाढवायचा का, हा पहिला विषय. झगा आणा, मी माफी मागतो. नाही आणलात तर सामान बांधा.”

गावचा मार्शल, म्हणजे पोलीस अधिकारी, लॉइड हॉस्टेटलर इतका वेळ कपाटापाशी उकिडवा बसला होता. तो उठला नाही. त्याचे दोघांकडे लक्षही नसावे.

“एक सांगा,” तो टोपाकडे बघत म्हणाला, “चोराने हा का ठेवला?”

२

लॉइड हॉस्टेटलर हा बोलायला मंद आणि विसरायला त्याहून मंद असा माणूस आहे. काउंटीच्या दैनिकासाठी मी त्याच्या मागे चार दिवस फिरलो. ज्याला पाहून माणूस दचकतो तो टोप. लाज झाकायची तर आधी टोप न्यायला हवा. चोराने झगा नेला. म्हणजे चोराला भीती क्लॅनची नव्हती, त्या एका झग्याची होती.

“किल्ली कुठे असते?” त्याने मिस ड्रेसबाखला विचारले.

“स्वयंपाकघरात, खिळ्याला. सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना म्हणजे सगळ्या बायकांना. इथल्या पुरुषाने त्या स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलंय? हाकलून देतात. शेवटचा कधी पाहिलात?”

“काल दुपारी, जेवणावळ सुरू होताना. मग सगळे बाहेर झाडांखाली बसले. संपल्यावर मीच कुलूप लावून गेले. तेव्हा आत दिवे नव्हते, मी कपाट बघितलं नाही.”

“भांड्यांना कोण होतं?”

“मिसेस बर्निस क्विलन, मिस आयडा पॉमरॉय. आणि तुमच्या आत्या.”

मार्शलने मान हलवली. शनिवारी तिघींनीही पांढरे टेबलक्लॉथ धुवायला वाटून घेतले होते. तिघी भरलेल्या टोपल्या घेऊन घरी गेल्या होत्या. पांढऱ्यात पांढरे.

“झगा तीन आठवडे तिथे होता,” तो म्हणाला. “कुणी बोट लावलं नाही. परवा काय झालं?”

“परवा तुमच्या दैनिकात आलं,” तिने माझ्याकडे पाहिले, “की स्टेला काझमारेक येणार आहेत.”

स्टेला काझमारेक तेवढ्यात दारात येऊन उभी होती. साठीची, हातात पर्स घट्ट धरलेली. तिची आई थेरेसा पंचवीस सालापर्यंत गावची शिंपीण होती. पोलिश, कॅथलिक. त्या उन्हाळ्यात गावात कुजबूज उठली की तिला क्षय आहे, कापडावर रक्त खोकते. पंधरवड्यात तिच्या दारात गिऱ्हाईक उरले नाही, आणि मायलेकी साउथ बेंडच्या शर्टांच्या कारखान्यात गेल्या.

रिकाम्या कपाटाकडे तिने बराच वेळ पाहिले.

“माझ्या आईने एक झगा शिवला होता,” ती म्हणाली. “एकच. दार लावून. मी दहा वर्षांची होते, खालची कड मी दुमडली.”

“कुणासाठी?”

“कधी सांगितलं नाही. पण कड वाकडी होती, मार्शल. पुढून लांब, मागून आखूड. मी म्हटलं, आई, चुकलंय. ती म्हणाली, चुकलेलं नाही, तिला असंच लागतं.”

मिस ड्रेसबाख दचकली. “तो पुढून वीतभर लोळत होता. मला वाटलं शिवण वाईट. मीच निळ्या टाचण्या लावून वर घेतला.”

“म्हणजे तो तोच,” मार्शल म्हणाला. “आणि चोराला माहीत होतं की तुम्ही तो ओळखाल.”

३

हल्दा हॉस्टेटलर, मार्शलची आत्या, वय ब्याऐंशी, सहा फुटांना दोन बोटे कमी. ती ओसरीवर वाटाणे सोलत होती.

“ये. हातात बेड्या आणल्यास की नुसताच जेवायला आलास?”

“आत्या, तू क्लॅनमध्ये होतीस?”

“होते की. अर्धी काउंटी होती. तुझी आई सुद्धा, तिला सांगायची लाज वाटायची. मला नाही वाटत.”

“वाटायला हवी.”

“आता वाटून कुणाचं दुकान परत उघडणार आहे?” तिने एक शेंग मोडली. “तेव्हा आम्हाला वाटायचं आम्ही देशासाठी काही करतोय. खरं म्हणजे घरातून बाहेर पडायला मिळायचं. बँड असायचा. चिकन असायचं. कुणाच्या पोटावर पाय पडतोय ते खाली बघितलं तर दिसणार ना.”

“तुझा झगा कुठेय?”

“जाळला. सव्वीस साली सगळ्यांनी जाळले, मोठ्या नेत्याची भानगड पेपरात आल्यावर. नदीकाठी एवढा धूर, की लोकांना वाटलं कुणाचं गोदाम पेटलं.”

“कुणी शिवला होता?”

“शिवला? क्लॅनच्या कारखान्यातून, अटलांटाहून यायचे, टपालाने. उंची आणि घेर लिहून पाठवायचा, खोकं यायचं. जाड्या बायकांची मापं सुद्धा होती त्यांच्याकडे, त्यांना आमचं इंडियाना राज्य माहीत होतं. घरी शिवायला मनाई. आणि गावात शिवणारी एकच होती. तिच्याकडून शिवून घ्यायचा म्हणजे…” ती थांबली.

“म्हणजे?”

“म्हणजे जिच्यावर बहिष्कार घालायचा तिच्याचकडून बहिष्काराचा पोशाख. एवढा निर्लज्जपणा माझ्याकडूनही झाला नसता.”

“तो झगा उंच बाईचा होता म्हणतात. जमिनीला लागत होता.”

हल्दा आत्याने टोपली बाजूला ठेवली आणि भाच्याकडे सरळ पाहिले. “गावात माझ्याइतकी उंच दुसरी बाई नव्हती. हेच म्हणायचंय ना तुला? म्हण की.”

मार्शलने टोपी उचलली. फाटकाशी आल्यावर मी त्याला विचारले की तो आत्यावर संशय घेतोय का. “ती खोटं बोलत नाही,” तो म्हणाला. “पण मी तिच्यापाशी वाढलोय. ती खोटं बोलत असली तर ते ओळखायला तिने मला शिकवलंच नसणार.”

४

बर्निस क्विलनच्या घरी सोमवारी सकाळी कापड फाटल्याचा आवाज येत होता. चर्चच्या महिला मंडळाची ती अध्यक्षा. जुन्या चादरी फाडून मिशनच्या इस्पितळांसाठी पट्ट्या गुंडाळायच्या, हे काम ती चाळीस वर्षे चालवते आहे. लहानखुरी, गोरी, पांढऱ्या केसांची. तिने आम्हाला लिंबू सरबत दिले आणि ‘पाय’ नावाच्या साखरेच्या गोड पदार्थाचा तुकडा पुढे केला.

“एव्हरेट जरा जोरात बोलला असेल,” ती म्हणाली. “मनाने वाईट नाही. त्याला गावाची काळजी.”

“त्या मुलीची नोकरी जातेय, मिसेस क्विलन.”

“तरुण आहे. दुसरीकडे मिळेल. ज्यांना इथली माणसं माहीत नाहीत त्यांनी इथला इतिहास कशाला उकरावा?” तिने चादरीची कड दातांनी तोडली आणि एका ओढीत सरळ पट्टी फाडली. कडेची शिवण कात्रीने वेगळी करून पायाशी टाकली.

“ती का टाकली?”

“शिवण चालत नाही. जखमेला रुतते. पट्टी सपाट हवी, नाहीतर इस्पितळवाले सगळं खोकं परत पाठवतात.”

“मग शिवणींचं काय करता?”

“चांगलं सूत कुणी फेकतं का? चर्चच्या तळघरात सगळ्यांची एक पिशवी आहे. त्यांची वेणी घालून पायपुसणी करतो.”

मार्शलने ‘पाय’चा घास घेतला. “पंचवीस साली तुम्ही त्या शाखेत होतात?”

“मी?” ती हसली. “लॉइड, त्या उन्हाळ्यात एव्हरेट माझ्या पोटात होता. तेव्हा पोट दिसायला लागलं की बाई चर्चला सुद्धा जात नसे. जूनपासून मी या घराबाहेर पाऊल टाकलं नाही. कुणालाही विचार. मिरवणुकीचा बँड मी त्या खिडकीतून ऐकला, पडद्यामागून.”

“तुमच्या मिस्टरांचं काय मत होतं?”

“त्यांना तसलं काही खपत नसे. दुकानात कॅथलिक शेतकरीही यायचे.” तिने रिकामा पेला उचलला. “तुझी आत्या मात्र सगळ्यांत पुढे होती हो. झेंडा धरून. मी कुणाचं वाईट बोलत नाही, पण तू तिला विचारलंस का?”

बाहेर आल्यावर मार्शलने टोपी डोक्यावर ठेवली. “गावातल्या प्रत्येकाला मी आत्याकडे जावं असं वाटतंय,” तो म्हणाला. “इतक्या सगळ्यांनी एकच वाट दाखवली की मला त्या वाटेचा भरवसा वाटत नाही.”

५

आयडा पॉमरॉय तरुणपणी गावच्या टेलिफोन एक्सचेंजवर होती. सगळे फोन तिच्या हातून जोडले जात. आता पाठ वाकली आहे, बोटे संधिवाताने आखडली आहेत. तिने दार उघडले, पण साखळी काढली नाही.

“मी काही नेलं नाही.”

“मी तसं म्हटलं नाही, मिस पॉमरॉय.”

“एव्हरेट म्हणून गेला. सकाळी आला होता. म्हणाला, तूही स्वयंपाकघरात होतीस, तोंड सांभाळ.”

मार्शलने खाली तिच्या हातांकडे पाहिले. त्या हातांनी साधी बरणी उघडत नव्हती. आणि पाठ वाकलेल्या बाईला झगा मागून लांब लागेल, पुढून नाही. शिवाय पंचवीस साली ती पाठ सरळ होती.

“मला चोरीचं विचारायचं नाही. थेरेसा काझमारेकचं विचारायचंय. ती क्षयाची आवई कुठून निघाली?”

साखळी निघाली. ती आम्हाला आत घेऊन गेली, पण बसा म्हणाली नाही.

“एका फोनमधून,” ती म्हणाली. “एका सकाळी एका बाईने पाद्रीबाईंना फोन केला. दुपारपर्यंत बोर्डावर दुसरा विषय नव्हता. मी एकीला दुसरीशी जोडत होते. माझ्या हातांनी गेलं ते गावभर.”

“कोण होती ती?”

“त्या नोकरीत शपथ होती.”

“एक्सचेंज बंद होऊन वीस वर्षं झाली.”

“शपथ बंद झाली नाही.”

“बरं. नाव नको. काय म्हणाली ते सांगा. शब्द आठवतात?”

आयडाने डोळे मिटले. “म्हणाली, ती परवा माझं माप घेत होती तेव्हा खोकली, रुमालावर रक्त होतं. मला तेव्हा नवल वाटलं, लॉइड. त्या बायकांचं महिनाभर आधीच ठरलं होतं की काझमारेकच्या दारात जायचं नाही. मीच ते निरोप जोडले होते. आणि ही त्यांच्यातलीच बाई म्हणते, परवा माप घेत होती.”

“पाद्रीबाईंनी विचारलं नाही?”

“रक्त ऐकल्यावर माप कोण ऐकतं?”

मार्शल उभा राहिला. थेरेसाला कॅथलिक म्हणून उठवली, असे गाव पन्नास वर्षे मानत आले. तसे असते तर बहिष्कार पुरेसा होता. क्षयाची आवई उठवणारीला नुसते दुकान बंद पडून चालणार नव्हते. तिला ती शिंपीण गावातून गेलेली हवी होती. जिने आपले माप घेतले, ती.

“एक तरी सांगा,” दाराशी तो म्हणाला. “ती बाई जिवंत आहे?”

आयडाने दार लोटले. साखळी परत लावली.

६

मंगळवार गेला, बुधवार उजाडला. मिस ड्रेसबाखच्या दारापुढे कुणीतरी रिकामी खोकी आणून ठेवली होती, सामान बांधायला. त्या दिवशी मार्शल मुख्य रस्त्यावरच्या खाणावळीत बसला होता. कॉफी निवत होती.

उंच बाईला झगा पुढून आणि मागून सारखाच लांब लागतो. जाडीला घेर लागतो, तो अटलांटाहून मिळत होता. मग फक्त पुढून लांब कुणाला?

डॉना नावाची पोरगी टेबले पुसत होती. तिला सातवा महिना होता. ती पुन्हा पुन्हा गणवेशाची कड खाली ओढत होती.

“काय बघताय, मार्शल? बायकोला सांगू का?”

“ती कड सारखी का ओढतेस?”

“पुढून वर चढते हो मेली. पोटावरून जाताना कापड खातं ना. मागून गुडघ्याखाली, पुढून गुडघ्यावर. त्या मालकाला म्हटलं, नवा द्या, तर म्हणतो असली मापं मिळत नाहीत.”

मार्शल उठला. पैसे टेबलावर ठेवायचे विसरला, ते मी ठेवले.

“असली मापं मिळत नाहीत,” रस्त्यात तो म्हणाला. “उंची लिहा, घेर लिहा. पोटुशीचं माप कुठल्या यादीत असतं? आणि घरी खोकं आलं असतं तर नवऱ्याने उघडलं असतं. म्हणून तर झगाही घरी न ठेवता सभागृहाच्या फळ्यांखाली दडवला.”

“पण ती तर घराबाहेर पडली नव्हती,” मी म्हटले.

“तोंड उघडं टाकून पडली नसेल. पायघोळ झगा आणि डोळ्यांना दोन भोकं. पोटुशी बाई त्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुठल्या कपड्यात मुख्य रस्त्यावरून चालू शकली असती?”

चर्चच्या तळघरात पट्ट्यांची खोकी भिंतीला रचून ठेवली होती. त्यांना त्याने हात लावला नाही. फाडलेले कापड सगळे सारखेच. त्याने कोपऱ्यातली चिंध्यांची पिशवी जमिनीवर उपडी केली. आम्ही दोघे गुडघ्यांवर बसून शिवणी निवडू लागलो. चादरींच्या कडा, उशांचे अभ्रे, आणि मग एक जुनी, पिवळट, बारीक टाक्याची शिवण. तिच्यामागे दुसरी. या दोन सरळ नव्हत्या. खांद्यापासून निघून पुढे कमानीसारख्या फुगत गेल्या होत्या. तिसरी होती खालची कड, लहान मुलीच्या हाताने दुमडलेली, टाके पुढे मागे. त्यात निळ्या डोक्याची एक टाचणी अडकून राहिली होती.

“जाळता आला असता,” मी म्हटले.

“रविवारी कुणाच्या मागच्या अंगणात धूर निघाला तर शेजारी विचारतात. आणि चांगलं सूत जाळायचं कसं? तिने ते मिशनच्या आजाऱ्यांना दिलं.” त्याने शिवणी रुमालात बांधल्या. “आत्या या मंडळात पाय ठेवत नाही. बर्निसशी भांडून तीस वर्षं झाली. आयडाला कापड फाडता येत नाही.”

पिशवी मात्र सगळ्यांची होती. त्या चिंध्यांवर कुणाचे नाव नव्हते, आणि बर्निस क्विलन कबूल होणारी बाई नव्हती.

७

गुरुवारी चारला शाळेच्या ग्रंथालयात माणसे उभी राहायलाही जागा नव्हती. मंडळाचे पाच सदस्य लांब टेबलामागे बसले होते, मध्ये एव्हरेट. मिस ड्रेसबाख पहिल्या रांगेत, तिच्याशेजारी स्टेला काझमारेक. मागच्या रांगेत भिंतीशी, नेहमीच्या खुर्चीवर, बर्निस क्विलन. मुलाची एकही बैठक ती चुकवत नसे.

आत जाताना मार्शल तिच्यापाशी वाकला. मी जवळच होतो.

“मिसेस क्विलन, तुम्ही स्वतः बोलाल का?”

“कशाबद्दल, लॉइड?” ती गोड आवाजात म्हणाली.

एव्हरेटने हातोडी आपटली. “विषय पहिला. झगा आणलात, मिस ड्रेसबाख?”

“मी आणलाय,” मार्शल म्हणाला.

त्याने रुमाल सोडला. लोक पुढे सरकले आणि मग हसू लागले. टेबलावर चिंध्या होत्या.

“हा झगा?” एव्हरेट म्हणाला.

“त्याचा सांगाडा. मांस पट्ट्यांत गुंडाळलं गेलं. तुमच्या चर्चच्या तळघरात सापडला.” मार्शलने मिस ड्रेसबाखला खूण केली. तिने पुतळा पुढे आणला आणि शिवणी एकेक करून त्यावर टाचल्या. खांदे, बाह्या, मग त्या दोन कमानी. पुतळ्याच्या सपाट पोटापासून त्या हातभर पुढे लोंबत राहिल्या. हसणे थांबले. पहिल्यांदा बायकांचे थांबले.

स्टेला काझमारेक उठली, कड हातात घेतली. “हे टाके माझे,” ती म्हणाली.

“टाके जुने आहेत, टाचणी मिस ड्रेसबाखची आहे,” मार्शल म्हणाला. “तेव्हा चादर फाडून कुणी रचलं, हा विषय संपला. हा झगा पंचवीसच्या उन्हाळ्यात एका पोटुशी बाईसाठी शिवला. तिने मिरवणूक गाठली, आणि मग जिने शिवला तिच्या नावाने रक्ताची आवई उठवली, कारण त्या शिंपिणीलाच ठाऊक होतं की टोपाखाली कोण आहे. शनिवारी ती बाई सभागृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती.”

“नाव घ्या!” कुणीतरी ओरडले. काही माना हल्दा आत्याकडे वळल्या. तिने त्यांच्याकडे बघून जीभ दाखवली.

मार्शलने नाव घेतले नाही. “एव्हरेट,” तो म्हणाला, “तुझा वाढदिवस कधी असतो?”

“माझा? त्याचा इथे काय…” एव्हरेट थांबला. “ऑक्टोबरात.”

“साल?”

एव्हरेटने साल सांगितले नाही. ते सगळ्यांना माहीत होते. पुतळ्यापुढे लोंबणाऱ्या त्या दोन कमानींकडे त्याने पाहिले, आणि मग मागच्या भिंतीकडे.

“आई?”

बर्निस क्विलन पर्स मांडीवर ठेवून ताठ बसली होती. तिने खोली न्याहाळली, जणू किती पाने वाढायची ते मोजत होती.

“फार उकडत होतं त्या दिवशी,” ती म्हणाली. “मुख्य रस्ता संपेपर्यंत तू लाथा मारत होतास.”

मग एका सदस्याने खाकरून आठवण केली की विषय मताला टाकायचा आहे. करार वाढवायच्या बाजूने दोन हात वर झाले. विरोधात दोन. उरला अध्यक्ष. एव्हरेट टेबलावर दोन्ही तळवे टेकून उभा होता. तो मिस ड्रेसबाखकडे वळला.

“मी माफी मागेन म्हणालो होतो,” तो म्हणाला. “मागतो.” आणि हात वर केला. बाजूने.

बाहेर उन्हात क्विलनांची मोठी गाडी उभी होती. एव्हरेटने नेहमीप्रमाणे आईसाठी दार उघडले, तिला बसवले, दार लावले. मग किल्ली मार्शलच्या हातात ठेवली आणि काही न बोलता पायी निघून गेला. स्टेला काझमारेक पायऱ्यांवर उभी राहून ते बघत होती. ती खाली उतरली नाही.

मार्शलने गाडी चालू केली. मी मागे बसलो. बर्निस क्विलन समोर बघत होती. गाव मागे पडले.

“ती मुलगी आता इथेच राहणार,” शेवटी ती म्हणाली.

“हो.”

“आणि ते सगळं पुन्हा कपाटात मांडणार.”

“मांडेल. नावासकट.”

घर आले. मार्शलने उतरून दार उघडले. ती उतरली, झग्याची कड नीट केली, दोन पावले गेली आणि वळली. पहिल्यांदाच तिचा आवाज म्हाताऱ्या बाईचा वाटला.

“लॉइड, क्विलन लिहू नको म्हणावं. माझं माहेरचं आडनाव लिही म्हणावं.”

“ते तुम्हीच तिला सांगा, मिसेस क्विलन,” मार्शल म्हणाला. “उद्या सकाळी सभागृहात आहे ती.”